उचललं, नेलं, ठेवलं

आजरा,
५ सप्टेंबर १९९९

चि. दादासो यास आक्काताईचा सप्रेम जयभीम.

तू गेलास आणि घर गप्प झालं. चार दिवस राहिलास, त्यातले पहिले दोन नुसता भांडत होतास. चहा गार का, गल्लीतली पोरं ओरडतात का, समोरच्यानं टेम्पो आडवा का लावला. छप्पन्न वर्षांचा झालास तरी नाकावरचा राग काही उतरला नाही. तिसऱ्या दिवशी तुला हाताला धरून विहारात नेलं तेच बरं केलं. पावसाळ्याचे तीन महिने भंतेजी आमच्याकडे मुक्कामाला आहेत. अशी माणसं रोज रोज दारात येत नाहीत.

आता तिकडे जाऊन विसरू नकोस. रोज सकाळी अर्धा तास चंक्रमण करायचं. पाऊल उचललं की मनात म्हणायचं, उचललं. पुढं नेलं की म्हणायचं, नेलं. टेकलं की, ठेवलं. हात अंगाशी स्थिर, नजर चार हातांवर. कुठं पोचायचं नाही, म्हणून घाई नाही. तुला घरात करमणार नाही, तेव्हा कळंब्याच्या तलावावर जा. तुझ्या घरापासून हाकेच्या अंतरावर आहे, आणि आता पाऊस ओसरलाय, काठ हिरवागार असेल.

हे मी तुझ्या एकट्यासाठी सांगत नाही. शाळेची बेचाळीस पोरं रोज तुझ्या भरवशावर घरातून निघतात. तू रिक्षावाल्यांना शिव्या घालत गाडी हाकतोस ते मी डोळ्यांनी पाहिलंय. बत्तीस वर्षांत गाडीला ओरखडा नाही हे खरं, पण ओरखडा काय सांगून येतो?

इकडे घनसाळ निसवायला लागलाय, लोंब्या डोकावताहेत. सगळ्या शिवारात भाताचा वास भरलाय. तू बांधावर उभा राहून म्हणालास, वास कुठाय? डिझेलनं नाक मारलंय तुझं. बनाला आणि संघप्रियाला आशीर्वाद.

तुझी,
आक्का

---

कळंबा, कोल्हापूर,
१९ सप्टेंबर १९९९

ती. आक्काताईस दादासोचा सविनय जयभीम.

तुझं पत्र मिळालं. तू सांगितलंस आणि मी ऐकलं, असं आयुष्यात पहिल्यांदाच घडतंय, तेव्हा नोंद करून ठेव.

रोज साडेपाचला तलावावर जातो. पाणी काठोकाठ आहे. धुकं इतकं असतं की पलीकडचा तुरुंग दिसत नाही, नुसता भोंगा ऐकू येतो. बांधावर तेरडा फुललाय. एक खंड्या रोज त्याच खांबावर बसलेला असतो. पहिले आठ दिवस त्रास झाला. मन म्हणायचं, हे काय म्हाताऱ्यासारखं चाललंय. मग जमायला लागलं. आता तर मला सावकाश चालायचं असं ठरवावंच लागत नाही. पाय आपोआप सावकाश पडतात. उजवा हात अंगाशी असा स्थिर राहतो की हलतच नाही. तू सांगितलं होतंस तसाच. डावा मात्र अजून नाठाळ आहे, हलतो.

आणखी सांगायचं म्हणजे राग गेला. परवा राजारामपुरीच्या कोपऱ्यावर एका स्कूटरवाल्यानं गाडीसमोर ब्रेक मारला. मी एक शब्द बोललो नाही. गाडीवरच्या मावशी, झुंबरबाई, माझ्या तोंडाकडे बघतच राहिल्या. गाडीही हळू चालवतो. पालकांनी हेडसरांना सांगितलं म्हणे, आमची पोरं दादासो मामांच्याच गाडीत घाला. शाळेत पोचायला दहा मिनिटं जास्त लागतात, पण कुणाची तक्रार नाही.

हे सगळं तुझ्यामुळे. तोंडावर कधी म्हणणार नाही म्हणून कागदावर लिहितोय.

तुझा,
दादासो

---

कळंबा,
३ ऑक्टोबर १९९९

आक्का वन्सं यांना बनाबाईचा जयभीम.

मी पत्र लिहिते हे त्यांना माहीत नाही. लेकीकडून, संघप्रियाकडूनही लिहून घेतलं नाही, म्हणून अक्षराला हसू नका.

वन्सं, ह्यांच्यात काहीतरी बदललंय. तुम्ही म्हणाल चांगलं झालं, राग गेला. राग गेला हे खरं. पण हसणंही गेलं. संघप्रियाचा निकाल पहिल्या वर्गात लागला, तिनं पेढा तोंडात घातला, तर तोंडावर काही उमटलंच नाही. डोळे भरले होते, पण चेहरा भिंतीसारखा. सकाळी शर्टाची बटणं लावायला पाव तास लागतो. मी लावायला गेले तर म्हणाले, "ऱ्हाऊ दे, मी ध्यानात लावतोय." ताटातली भाकरी मोडायला वेळ लागतो, तेही ध्यानात. रात्री कुशीवर वळताना मला हाका मारतात. ते कसलं ध्यान?

राजारामपुरीत एक मेंदूचे डॉक्टर आहेत असं शेजारच्या बायडाबाई सांगत होत्या. नेऊ का? मी म्हटलं तर ऐकणार नाहीत. तुम्ही म्हटलं तर ऐकतील. तुमच्या शब्दाची वाट बघते.

बना

---

आजरा,
८ ऑक्टोबर १९९९

चि. बना हिस अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि हसू आलं, रागही आला. अगं, तीस वर्षं तू ह्या माणसाच्या तोंडाच्या शिव्या खाल्ल्यास. आता तो शांत झाला तर तुला चैन पडेना. साधनेला बसलेला माणूस घरच्यांना आजारीच वाटतो. मी नाही का वाटायचे लोकांना? काजूच्या कारखान्यात माझ्या शेजारी बसणाऱ्या बाया म्हणायच्या, आक्काताईला वारं लागलंय, बोलत नाही, भांडत नाही, खाली मान घालून सावकाश बिया फोडते. अशीच तोंडं चालायची सगळ्यांची.

चेहऱ्यावर काही उमटत नाही म्हणतेस, तेच तर साधायचं असतं. सुखानं फुलायचं नाही, दुःखानं कोमेजायचं नाही. मी अकरा वर्षं करते, मला अजून जमलं नाही. माझ्या भावाला महिन्यात जमलं. मला हेवा वाटतो असं म्हटलंस तरी चालेल.

डॉक्टरबिक्टर काही नको. मेंदूचा डॉक्टर म्हणजे गोळ्या देऊन बधीर करणार, आणि केलेलं सगळं पाण्यात. बटणाला पाव तास लागतो तर लागू दे. त्याच्या मागे लागू नकोस. मी सांगते म्हणून तरी ऐक.

तुझी,
आक्का वन्सं

---

कळंबा,
२० ऑक्टोबर १९९९

ती. आक्काताईस सविनय जयभीम.

काल दसऱ्याला विहारात गेलो होतो. वंदना झाली. बसून उठायला वेळ लागला, पण आता सगळ्यालाच वेळ लागतो आणि त्याचं काही वाटत नाही.

तुला एक गोष्ट सांगायची आहे. सोमवारी शाळा सुटल्यावर पोरांना घेऊन येत होतो. तलावाकडच्या उताराला म्हशींचा कळप रस्त्यात आला. पूर्वीचा दादासो असता तर करकचून ब्रेक दाबला असता, हॉर्न वाजवला असता, गवळ्याच्या सात पिढ्या काढल्या असत्या. मी काहीच केलं नाही. पाय उचललाच नाही. मनही हललं नाही. गाडी आपली जात राहिली आणि म्हशी आपल्या बाजूला झाल्या. शेवटच्या म्हशीला आणि गाडीला वीतभर अंतर राहिलं असेल. पोरं ओरडली, टाळ्या वाजवल्या. मी शांत होतो.

बना हल्ली काही बोलत नाही. तू तिला समजावलंस वाटतं. बरं केलंस.

तलावावर आता पाणबदकं आली आहेत. ऊन चटके देतं, पण सकाळ थंड असते. बांधावर चालताना मधेच थांबतो आणि मग पुढचं पाऊल लवकर उचलत नाही. उभा राहतो. कधी कधी बराच वेळ. खंड्या उडून जातो, परत येतो, तरी मी तिथेच. लोक बघतात. एक जण म्हणाला, "पावणं, योगी झालासा की!"

पौर्णिमेला भंतेजींना माझा नमस्कार सांग.

तुझा,
दादासो

---

आजरा,
२५ ऑक्टोबर १९९९

दादा,

हे पत्र पोस्टात टाकत नाही. उद्या पहिल्या एसटीनं शेजारचा केरबा कोल्हापूरला निघालाय, त्याच्या हाती देते. त्याला शाळेतच पाठवते. तो तुझ्या हातात कागद दिल्याशिवाय हलणार नाही. आज शाळेत फोन लावला होता. कारकून म्हणाला, मामा गाडीवर आहेत, निरोप द्या. काय निरोप देणार होते मी? ठेवून दिला.

काल आश्विन पौर्णिमा. भंतेजींचा वर्षावास संपला, विहारात शंभर माणूस जेवलं. दुपारी मी भंतेजींना कौतुकानं तुझी पत्रं दाखवली. म्हटलं बघा, माझा भाऊ. सगळ्या विहारासमोर आपलंच घोडं दामटलं. त्यांनी तीनही कागद शेजारी शेजारी ठेवले. तिसरा कागद म्हणजे जूनमधलं तुझं जुनं पत्र, सोबत होतं म्हणून दिलं. त्यांनी ते वाचलेच नाहीत आधी. नुसते बघत राहिले. मग म्हणाले, "आक्काताई, अक्षर बघा."

मी बघितलं. जूनमधल्या पत्रात दहा ओळींत पान भरलंय. तुझी कायमची ढब, पाट्या रंगवल्यासारखं अक्षर. सप्टेंबरचं निम्मं. आणि परवाचं तर चष्मा लावून वाचायला लागलं, ओळीच्या शेवटी नुसत्या मुंग्या. मला वाटलं होतं, अंतर्देशीयात जागा पुरावी म्हणून करतोस. पण खाली अर्धा कागद कोरा आहे, दादा.

मग त्यांनी एकच विचारलं. "सावकाश चालतात ते ठीक. मनात आलं तर भरभर चालता येतं का त्यांना?"

त्यांच्या गुरुबंधूंचं असंच झालं होतं. सगळे म्हणायचे, केवढी स्थिरता. दोन वर्षांनी कळलं की तो मेंदूचा आजार होता. ते म्हणाले, साधनेत माणूस सावकाश चालतो, कारण तो तसं ठरवतो. ठरवणं सुटलं आणि नुसतं सावकाश राहिलं तर ती साधना नव्हे.

दादा, केरबा समोर असतानाच बघ. शाळेच्या मैदानात दहा पावलं भरभर चाल. आली तर मी वेडी म्हातारी, मला हस, वाटेल ते बोल. नाही आली तर त्या गाडीला हात लावू नकोस. संध्याकाळची फेरी करू नकोस. एकही नको.

बनानं मला विचारलं होतं, डॉक्टरांकडे नेऊ का. मी तिला दटावलं. तिचा तो कागद माझ्या डोळ्यांसमोरून हलत नाही. त्या बेचाळीस पोरांतल्या एकाला जरी काही झालं असतं तर ते तुझ्या नाही, माझ्या माथी होतं. मला माझ्या शहाणपणाची लाज वाटते. बनाला सांग, मी चुकले.

बुधवारी भंतेजी निघतात. त्यांना निरोप देऊन गुरुवारी मी येतेच.

आक्का

---

कळंबा,
२७ ऑक्टोबर १९९९

ती. आक्काताईस जयभीम.

अक्षर संघप्रियाचं आहे, शब्द माझे. तिला सांगितलंय, मी बोलतो तसंच उतरव, मधे रडायचं नाही. केरबा दुपारच्या एसटीनं परत चाललाय, त्याच्याकडे देतो. तू उद्या येणारच आहेस, पण हे तोंडानं सांगायला मला जमणार नाही.

काल साडेअकराला केरबा आला. गाडी शाळेच्या आवारात उभी होती. पत्र वाचलं. घडी करून खिशात ठेवायला गेलो तर कागद खिशात जाईना. केरबानं घातला.

मैदानात गेलो. तो म्हणाला, "चला मामा, दहाच तर पावलं हायत." मी मनात म्हटलं, चल. पाय हललाच नाही. परत म्हटलं. जमिनीला चिकटल्यासारखा. मग एकदम सुटला आणि मग थांबेना. बारीक बारीक पावलं, एकावर एक, अंग पुढे आणि पाय मागे. पेरूच्या झाडाला जाऊन धडकलो. केरबा हसला नाही.

मग गाडीत जाऊन बसलो. इंजिन बंदच होतं. उजवा पाय ॲक्सिलरेटरवर ठेवला आणि स्वतःलाच म्हटलं, ब्रेक. पाय गेला. पण कधी गेला माहीत आहे? ब्रेक म्हटल्यावर एक, दोन असं मोजण्याइतक्या वेळानं. परत केलं. वीस वेळा केलं. एकदा तर तीन झाले तरी गेला नाही.

आक्का, आता खरं सांगतो. हे मला काल कळलं नाही. म्हशींच्या दिवशीच कळलं होतं. मी तुला लिहिलं, पाय उचललाच नाही. तो उचलायचा होता. मी जिवाच्या आकांतानं त्याला सांगत होतो, उचल, उचल. तो आला नाही. म्हशी बाजूला झाल्या, मी काहीच केलं नाही. पोरं टाळ्या वाजवत होती आणि माझ्या पाठीवरून घाम ओघळत होता. घरी आलो आणि दोन दिवसांनी तुला ते पत्र लिहिलं.

का लिहिलं तसं? लहानपणापासून तू मला तापट, भांडखोर, वाया गेलेला म्हणत आलीस. ह्या दोन महिन्यांत पहिल्यांदा चांगलं म्हणालीस. बनाला लिहिलंस, माझ्या भावाचा मला हेवा वाटतो. ते पत्र मी बनाच्या ट्रंकेतून काढून चोरून वाचलंय. मला ते सोडवेना. आणि गाडीही सोडवेना. बत्तीस वर्षं मी दुसरं काही केलेलं नाही. काल सकाळीही म्हणत होतो, दिवाळीची सुट्टी चार दिवसांवर आलीय, तेवढं निभावून नेऊ. चार दिवस म्हणजे आठ फेऱ्या. आठ फेऱ्या, आक्का, पोरांना घेऊन, त्या उतारावरून. हे तुझ्या माथी येत नाही. हे माझं आहे.

सव्वाचारला हेडसरांकडे गेलो आणि किल्ली टेबलावर ठेवली. म्हटलं, आज गाडी नेत नाही. त्यांना थट्टा वाटली. म्हणाले, "मामा, आजच्या दिवस न्या की! आता दुसरा ड्रायव्हर कुठनं आणू? तुमच्याइतकी सावकाश गाडी कोण चालवतंय कोल्हापुरात?" तोवर शाळा सुटली. पोरं नेहमीसारखी पळत येऊन गाडीत चढून बसली. सरांनी किल्ली माझ्या हातात परत दिली.

मी घेतली. हे पण लिही म्हटलं संघप्रियाला. मी ती किल्ली घेतली आणि जाऊन सीटवर बसलो. मागे पोरं ओरडत होती, "मामा, चला! मामा, चला!" झुंबरबाईंनी दार लावलं. मी किल्ली फिरवायला हात पुढे केला आणि हात कापायला लागला. अंगठा आणि बोट, नोटा मोजल्यासारखी. झुंबरबाईंनी ते बघितलं. त्या म्हणाल्या, "काय झालंय मामा तुमास्नी?"

मी म्हटलं, "मावशी, पोरं उतरवा खाली."

"आणि ती का?"

"माझा पाय माझं ऐकत न्हाय. दोन म्हयनं झालं, ऐकत न्हाय. पोरं उतरवा."

पुढच्या बाकावरची पोरगी माझ्या पायाकडे वाकून बघायला लागली. झुंबरबाईंनी दार उघडून एकेकाला खाली घेतलं. मी आरशात बघत मोजत होतो. बेचाळीस झाले तेव्हा सर धावत आले. मग रिक्षा आल्या, काहींचे पालक आले. कुणी ओरडलं, कुणी मला नावं ठेवली असतील. ठेवू देत. त्यांचा हक्क आहे.

सगळी गेली. मग मी उठायला गेलो, तर उठता येईना. दार उघडं, जमीन दोन हातांवर, आणि मी त्या सीटवर. झुंबरबाई कुणाला तरी बोलवायला गेल्या. उद्या तू आलीस की बनाबरोबर त्या डॉक्टरांकडे जायचं, हे मी तिथेच ठरवलं. ते काय सांगतील ह्याची मला भीती वाटते, लपवत नाही. पण आक्का, झुंबरबाई परत येईतोवर मी एकटाच बसून होतो, मागची सगळी बाकं रिकामी होती, आणि गाडी बंद होती. दोन महिन्यांत पहिल्यांदा मला शांत वाटलं.

तुझा,
दादासो